चतुःसीमा

जयेंद्र भोई,
तुझी वही टाइप करतेय. दोनशे चाळीस पानं झाली,
अजून तुझा राजपुत्र घोड्यावर बसलेला नाही.

चोपड्याच्या तहसील कचेरीसमोर
पत्र्याखाली माझं टेबल. सकाळी सातबाराचे अर्ज,
दुपारी प्रतिज्ञापत्रं, आणि ऊन भिंतीवरून उतरलं
की तुझे तीन चंद्र.
पानाला पंधरा रुपये. सल्ल्याचे पैसे घेत नाही,
म्हणून तो ऐकलाच पाहिजेस असंही नाही.

बावीस वर्षं खरेदीखतं टाइप केली मी.
जमीन अर्धा एकर असो, खडकाळ असो,
पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण,
दक्षिणेस नाला, उत्तरेस गाडवाट,
हे लिहिल्याशिवाय ती कुणाची होत नाही.
तू निळ्या शाईनं सात राज्यं काढलीस,
एकाच्याही बांधावर भांडण नाही.
बांधावरची बाभूळ कुणाची,
एवढं एक ठरव. युद्ध आपोआप सुरू होईल.

तुझ्या ज्वालासुराला मी घाबरायला तयार आहे.
पण भर वैशाखात तो बसतो कुठे?
इथं डांबर चपलेला चिकटतं,
आग ओकायला वेगळं कुणी लागत नाही.
त्याला सावली लागते का?
केळीच्या बागेत शिरला
तर घडामागे किती भरून देतो?

आणि त्याला ‘हे मर्त्य मानवा’ म्हणायला लावू नकोस.
रागात माणूस घरच्या बोलीत येतो, असुरही येईल.
‘कोठे चालना रे?’
एवढंच विचारू दे त्याला,
हळू आवाजात, अंधारात, मागून.
टाइप करताना माझा हात थांबला पाहिजे.

पहिली चौसष्ट पानं वंशावळ.
वारसनोंदी मी रोज करते, मला आवडतात,
पण लोक वारस घेऊन येतात ते
कुणीतरी मेल्यावर.
आधी मार कुणाला तरी.

म्हणतील, पोरगा मनातले मांडे खातोय.
म्हणू देत. माझी मोठी बहीण द्वारका
लग्नाकार्यात खरे मांडे करते.
कोपरापर्यंत झुलणारी कणीक,
पालथं खापर, खाली लाल जाळ.
पहिला मांडा तिचा आजही फाटतो.
ती तो पंगतीत वाढत नाही, फेकतही नाही.
चुलीमागे बसून, एकटी, सगळा खाते.

एक गोष्ट सांगू की नको, ठरत नव्हतं.
तुझ्या कादंबरीत नदी आहे, सोन्याच्या पाण्याची,
आणि तिच्यात एकही होडी नाही.
सगळे उडून जातात.
भोयाच्या पोरा,
पूल नव्हता तेव्हा तुझ्या वडलांनी
तापीतून माणसं नेली, शेळ्या नेल्या,
एकदा अख्खं वऱ्हाड नेलं.
मी होते त्यात, करवली, नवरीच्या मुंडावळ्या सावरत.
मध्यावर त्यांनी वल्हं थांबवलं,
पाण्याला कान दिला, म्हणाले,
‘आठे बोलू नका. खाले कोनीतरी जपेल शे.’
झोपलेल्याची झोप मोडू नये
तशी तीस माणसं गप्प बसली.
बँडवाल्यानं झांजांमध्ये रुमाल घातला.
कोण झोपलंय, हे मी आजवर विचारलं नाही.

तू विचार.
मग एकशे बारावं पान पुन्हा लिही,
त्याचे पैसे लावणार नाही.

वेलांट्या सुधारल्यात. नावं तुझीच ठेवलीत,
चंद्रही तीनच.
फक्त राजधानीच्या पूर्वेस
दोन ओळींची जागा सोडलीय.
तिथं कोण राहतं?